दोन चौकोन

रुवीतल्या फ्लॅटची पश्चिमेची भिंत.
शमसुलनं तिच्यावर दोन चौकोन मारून ठेवलेत:
डावा एकशे बारा, उजवा एकशे चौदा.
मधला तेरा कुठाय, विचारलं
तर म्हणाला, "वो बंद हो गया, भाभी."

सकाळी दोन्ही गुळाच्या सांज्यासारखे.
दुपारी पडदा सारला की
डावा थोडा हळदीकडे जातो,
उजवा भाजल्या विटेकडे.
ट्यूबलाइटखाली दोघांनाही कावीळ.

सुहारला विद्याधरला फोटो पाठवले,
त्याची रात्रपाळी होती.
"एकच फोटो दोनदा का पाठवलास?"
मी नुसता अंगठा पाठवला.

नऊ वर्षं पांढऱ्यात काढली.
करारात कलमच आहे, अरबीत आणि इंग्रजीत:
जाताना भिंती होत्या तशा करून द्याव्यात.
म्हणजे हा रंगही व्हिसावरच.
तरी चार दिवस मी
चहाचा कप धरून
या चौकोनापासून त्या चौकोनापाशी.
शमसुल रोज विचारतो, "कौन सा?"
त्याच्या नखांत दोन्ही आहेत.

काल एसीच्या खाली पोपडा सुटला होता,
सुरीच्या टोकानं उचलला.
पांढरा. त्याखाली पांढरा.
त्याखाली, करंगळीच्या नखाएवढा,
एकशे बारा.

कोण होतं, ठाऊक नाही.
कुठल्या गावचं, कधी गेलं,
किती दिवस उभं राहिलं होतं इथे
चहा निवेपर्यंत.

शमसुलला म्हटलं, चौदा आण.
आणि एसीखालच्या त्या पोपड्यात
लांबी भरू नकोस.