शंभरावा

महाप्याच्या एमआयडीसीत, पारसिकच्या डोंगराखाली,
तिसऱ्या मजल्यावर, रात्री दोन वाजता
टेबलावर दोन सर्व्हर उघडे पडलेत
आणि मी स्वेटर घालून मध्ये बसलेय,
एकाच दिवशी दोन स्थळांची चौकशी करणाऱ्या मावशीसारखी.

पहिला शहाण्णव कोरांचा.
मोठं खटलं. काम टाकलं की
शहाण्णव हात पुढे येतात,
पण चपळ म्हणावा असा एकही नाही.
दुसरा बत्तिसांचा, तिखट, किमतीला चढा.
गुपितं कुलूपबंद करायला त्याच्यात वेगळा कोपरा आहे,
त्याच्या माहितीपत्रकात चार पानं त्या कोपऱ्याचंच कौतुक.

ठाकूरदेसाई सरांना सकाळी दहाला एक पान हवंय.
एकच. त्यात तक्ता, तक्त्याखाली एक नाव.

मी चाचणी लावते.
पंखे आधी कुजबुजतात, मग एकदम
शिट्टी अडकलेल्या कुकरसारखे सूर धरून बसतात.
पहिला तीनशे साठ वॅट खातो, दुसरा दोनशे सत्तर.
पण कामाच्या मानाने पहिलाच कमी खातो;
पंक्तीचा भात मोठ्या पातेल्यातच परवडतो.
इथपर्यंत सुपारी फुटल्यातच जमा होती.

मग डेटाबेसच्या परवान्याचा कागद निघाला.
कोर मोजून पैसे.
शहाण्णव वेळा.
प्रोसेसरच्या चौपट परवाना,
नाकापेक्षा मोती जड,
आणि नाक तर अजून विकतही घेतलेलं नाही.

जोमाकाका गस्तीवरून आत डोकावतात.
"कोन जिकला गो?"
सरासरीत पहिला, मी म्हणते.
"सरासरी म्हंजे?"
म्हणजे शंभर जणांना लागलेला वेळ, काका,
त्याची बेरीज, भागिले शंभर.
"न् त्यातला शेवटचा? तो कवा सुटला?"

त्याचा रकाना मी केलाच नव्हता.

ते गेल्यावर करते.
नव्व्याण्णव जण दोन्हीकडे पापणी लवायच्या आत पार.
शंभरावा
दुसऱ्यावर एकशे चाळीस मिलिसेकंद,
पहिल्यावर नऊशे.
एवढ्या गर्दीत कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी पायात अडकतो.

सेकंदसुद्धा नाही, कोणीही म्हणेल.
पण ही यंत्रं वाशीच्या एका इस्पितळात बिलं करणार आहेत,
आणि एका बिलामागे यंत्राला सहाशे प्रश्न पडतात.
शंभरावा नेहमी दुसराच कोणीतरी असतो, असं वाटतं.
सहाशेला भागून पाहिलं,
दर बिलात सहा वेळा आपणच.

गेल्या भाद्रपदात त्याच खिडकीशी उभी होते.
आप्पा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर फाइल,
चपला उलटसुलट घातलेल्या, ते माझ्याही लक्षात आलं नाही.
आत पडद्यावर चक्र फिरत होतं.
"सिस्टिम स्लो आहे, मॅडम."
आप्पांनी मला विचारलं, तू हेच काम करतेस ना?
त्या दिवशीचं कारण वेगळं असेल. केबल असेल,
जेवणाची सुट्टी असेल. मला माहीत आहे.
तरी साडेपाचला मी तक्त्याखाली लिहिलं: दुसरा.
कारणं तीन ओळींत. चपला त्यात नाहीत.

अकराला खरेदी विभागाचं उत्तर आलं.
भिवंडीच्या गोदामात मागच्या पिढीचे चोवीस नग पडून आहेत,
बावीस टक्के सूट.
दोन्ही स्थळं तशीच राहिली,
होकार तिसरीकडेच गेला.
ठाकूरदेसाई म्हणाले, अभ्यास छान होता हं.

मी दोघांनाही उचकटून आपापल्या खोक्यात ठेवते.
अंगठ्याला राखाडी लेप लागलाय, साबणाला दाद देत नाही,
जिथे बोट टेकेल तिथे उमटतो,
खोक्यावर, लिफ्टच्या बटणावर,
आणि त्या तक्त्याच्या छापील पानावर,
शेवटच्या रकान्यात,
जिथे तिसऱ्याचा आकडा अजून यायचाय.