बाणातला ण

लिहिताना जमतं मला.
बघा, सगळे ण जागच्या जागी.
बोलायला गेलो की जीभ खाली बसते,
ओहोटीला गाळात होडी बसते तशी.

जानेवारीत वाशीला पहिली फेरी झाली.
संगीत नाटकाचा तीन वर्षांचा कोर्स,
जागा चौदा, फॉर्म नऊशेच्या वर.
हर्षालीने पद म्हटलं, मग उतारा बोलून दाखवला.
परीक्षक बाई चांगल्या होत्या,
चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या,
आवाज देवाने दिलाय, उच्चार घरून आलेत.

घरून.
म्हणजे माझ्याकडून, वैजयंतीकडून,
घणसोलीतल्या आमच्या आळीकडून,
जिथे गाडीला गारी म्हणतात
आणि कुणी हसत नाही.

मग आम्ही घर बदललं. भिंती त्याच,
बोलणं नवं.
फ्रिजवर यादी चिकटवली: बाण, वेणी, काळोख, घोडा.
वैजयंतीने आत्याला कळवलं,
परीक्षा होईतो फोन नका करू.
आत्या धवले गाते. लग्नसराईत तिला घसा धरायला उसंत नसते.
हर्षाली तिच्याच मांडीवर सूर धरायला शिकली.
फॉर्मवर ‘गुरूचे नाव’ असा रकाना होता,
तिथे आम्ही कोपरखैरण्याच्या क्लासचं नाव टाकलं.

मी तर बोलणंच कमी केलं.
पाणी हवं असलं की उठून घ्यायचं, मागायचं नाही.
पोरीला वाटलं, पप्पा रागावलेत.

दुसऱ्या फेरीला घरून व्हिडिओ पाठवायचा होता.
अकरा वेळा केला.
सातव्यात कुकर. नवव्यात खालून भंगारवाला.
दहावा नामी झाला होता,
पण शेवटचा सूर विरतो न विरतो तोच
मोबाईल धरलेला मीच बोलून गेलो,
‘मस्त झाला गो बाय, पानी पी.’

काल ठाण्याला शेवटची फेरी.
तलावपाळीला टेम्पो लावला.
जिन्यात आईबापांची रांग,
डोंबिवलीचे एक गृहस्थ फाईल छातीशी धरून,
नौपाड्याच्या एक बाई, मुलाचं हे तिसरं वर्ष.
ज्येष्ठमधाचा काढा सगळ्यांनी सगळ्यांना देऊ केला,
पद कुठलं बसवलंय ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

मी खाली येऊन टेम्पोत बसलो. काच वर केली.
बाण. बाण. बाण.
जीभ मागे, टाळ्याला, वळवून.
आरशात तोंड असं दिसत होतं
की वॉचमनने काचेवर टकटक केलं,
‘काका, दाढ दुखते का?’
मी मान हलवली. हो म्हणजे हो.

तीन वाजता ती आली.
कळव्याचा पूल संपेपर्यंत गप्प.
विटाव्याच्या सिग्नलला म्हणाली,
‘शेवटी त्यांनी विचारलं,
घरचं काही येतं का तुला?
लग्नातलं, गावातलं, बायका म्हणतात असलं?’
‘मग?’
‘नाही म्हणाले.’

नाय नव्हे. नाही.
ह अख्खा, शेवटची ई लांब, स्वच्छ.
तीन महिन्यांत एवढं तरी आम्ही कमावलं.
मागचा रिक्षावाला हॉर्न देत राहिला,
सिग्नल कधी हिरवा झाला होता कोण जाणे.

यादी सोमवारी लागणार.
वैजयंतीने काही विचारलं नाही, माशाची तुकडी वाढली.
जेवण झाल्यावर पोरीने फ्रिजवरचा कागद काढला नाही,
नुसता सरळ केला, एक कोपरा सुटला होता.
मग मोबाईल घेऊन आत गेली, दार लोटलं.

आत्याशीच बोलत होती बहुतेक.
मी पाण्याचा ग्लास हातात धरून पॅसेजमध्ये उभा.
एकदा हसली. एकदा बराच वेळ काहीच नाही.
मग एक शब्द आला,
गाणी की गानी,
दारामुळे नीट कळलं नाही.