सुतावरून

डुलुथमध्ये, सुपीरियर तलावाच्या काठी,
एइनो रौतिओचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं.
मी तिथं सतरा महिने इस्त्री मारली.
गल्ल्याखाली, हँगरच्या खोक्यामागे
त्याच्या रहस्यकथा असत,
शाळकरी पोराच्या वह्यांसारखी
खाकी कव्हरं घातलेल्या.

म्हणायचा, यांत आपल्यासारखा माणूस
पहिल्या प्रकरणात मरतो
नाहीतर शेवटच्या प्रकरणात खुनी निघतो.
'आपल्यासारखा' म्हणाला, माझ्याकडे न बघता.
मी त्याला कधी काही सांगितलं नव्हतं.

मग एक पुस्तक आलं टपालानं.
त्यात आपला माणूस शोध घेणारा.
पोलिस नाही, कुणी नाही, फुलं विकणारा.
शेवटच्या पानावर तो घरी जातो
आणि घरी कुणीतरी सूप गरम करत असतं.
"ते सूपाचं पान मी नऊदा वाचलं," एइनो म्हणाला.
"खून कुणी केला, विसरलो."

फेब्रुवारीत हाल्वर ट्वेट सापडला,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा,
धक्क्याखाली, बर्फाच्या आत.
पाय घसरला, असं आधी म्हणाले.
मग म्हणाले, ढकललं.
सामान फार्गोच्या बहिणीकडे गेलं.
कोट राहिला आमच्याकडे. नंबर तीनशे अठरा.

काळा कोट, वरून दुसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलेलं.
चार भोकांतून फुली नव्हे, बाण,
आणि गाठ वरच्या बाजूला, उघडी.
एइनोनं चष्मा लावला.
एकट्या माणसाचं बटण असं शिवलेलं नसतं, म्हणाला,
एकटा माणूस बटणाशिवाय हिंडतो.

सुतावरून स्वर्ग गाठतोयस, मी म्हणालो.
"स्वर्गाचं माहीत नाही. सूत तर बघू."

तीन आठवडे तो येईल त्या कपड्याची बटणं बघत बसला.
'त्या रात्री कुठे होतास?'
पोलिस हे साक्षीदाराला एकदा विचारतात.
त्याला हे चाळीस वर्षं विचारलं होतं,
आईनं, घरमालकानं, पाद्र्यानं,
आणि उत्तर दर वेळी तयार, घडीसुद्धा न मोडलेलं.
ज्यानं जन्मभर ताकास तूर लागू दिली नाही
त्याला दुसऱ्याच्या ताकातली तूर
लांबून दिसते.

कुणी ढकललं, ते पोलिसांना मेमध्ये कळलं.
पेपरात चार ओळी आल्या.
एइनोनं त्या वाचल्या असतील, नसतीलही.
त्याचा प्रश्न दुसराच होता:
कळवायचं कुणाला?

कारण तोवर बाण सापडला होता.
उचलत्या पुलावरचा ऑपरेटर, ऑरिन पेलतिए,
त्याच्या गणवेशाच्या डाव्या बाहीवर.
निळा दोरा. गाठ वर.
दफनाच्या दिवशी तो मागून तिसऱ्या बाकावर होता,
मी पाहिलं होतं त्याला,
नाक शिंकरायला बाहेर जाणारा माणूस.
सांत्वनाला सगळे बहिणीकडे गेले.

ऑरिन जॅकेट न्यायला आला, चिल्लर मोजली.
एइनोनं जॅकेट ठेवलं,
त्यावर काळा कोट ठेवला.
"तीनशे अठरा. चिठ्ठी हरवली असली तरी चालेल."
यंत्राचा ढोल फिरत होता, कुणाचा तरी पडदा आपटत होता आत.
ऑरिननं कोटाला हात लावला नाही.
मग लावला. अंगठा, बटणावर, बराच वेळ.
पैसे किती, त्यानं विचारलं.
एइनो म्हणाला, दिलेत.

तो गेल्यावर मी शटर ओढलं.
तू एवढं शोधलंस, मी म्हणालो,
आणि कुणाला सांगताही येणार नाही.
त्यानं दिवे घालवले, एक सोडून.
घरी जा, म्हणाला, थंडी आहे.
दारात मला थांबवून
माझ्या कॉलरचं बटण दोन बोटांत धरलं:
"पांढऱ्यावर पिवळा दोरा दिसतो.
सांग त्याला."