ओझीचा गोल

आमच्या चौघांत अजून ठरलेलं नाही
की ओझीनं तो चेंडू उजवीकडून काढला की डावीकडून.
साल सत्त्याहत्तर, असं चुरीबाई म्हणतात,
कारण त्यांची वही म्हणते.
गफूर परकार अठ्ठ्याहत्तरावर अडून बसलाय.
त्या वर्षी त्याचं लग्न होतं
आणि नवरदेव हळद उतरायच्या आत मैदानावर होता.
सासुरवाडीनं अजून माफ केलेलं नाही.

एवढं मात्र सगळ्यांना मान्य:
चर्चगेटचं मैदान, तेव्हा गवताचं,
म्हणजे अर्धं गवत, अर्धी माती,
गोदीचा संघ, समोर पोलीस,
तीन मिनिटं उरलेली, फळा कोरा,
आणि ऑस्वाल्ड मस्करेन्हस, लेफ्ट-इन,
पाच फूट तीन इंच,
मोजे घोट्यावर गळालेले,
स्टिकच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी.

मग वैती उठतो.
दर वेळी उठतो.
मीठदाणी बॅक, बशी गोलकीपर,
चमचा उलटा धरून साखरेचा खडा पुढे नेतो:
"असा आला, असा, आणि इथं थांबला.
अरे, थांबला! अख्खं मैदान पळतंय आणि हा उभा.
बॅक गेला निघून आपल्याच जोरात, आणि मग..."
साखर बशीत.
वेटर विचारतो, "आजोबा, साखर बिलात लावू?"

"थांबला बिंबला काही नाही," गफूर म्हणतो,
"मनगट होतं ते. थांबतात ते टॅक्सीवाले."

चुरीबाईंनी तीस वर्षं मुलींना पीटी शिकवली,
त्या काही बोलत नाहीत,
नुसता उजवा खांदा इंचभर पाडून दाखवतात,
आणि खरं सांगतो, बसल्या बसल्या
मी डावीकडे झुकतो.

परवा कळलं, ओझी आहे.
कालिनाला, गावठाणात, क्रॉसच्या मागच्या गल्लीत.
आम्ही खारीचा पुडा घेऊन गेलो.
ओट्यावर खुर्ची, खुर्चीत तो,
गुडघ्यावर टॉवेल, टॉवेलवर हात,
आणि ते मनगट, गफूर बघतच राहिला,
लहान पोराचं असावं तसं.
"तुम्ही पेन्शनचे काय?" त्यानं विचारलं.

वैतीनं सगळं सांगितलं. उठून, हातवारे करून.
त्यानं नीट ऐकलं,
दुसऱ्या कुणाची गोष्ट ऐकावी तसं.
"तिथं खड्डा होता," तो म्हणाला.
"गवत उपटलेलं. चेंडू उडाला.
मी तर पास देत होतो लोबोला."

कुणीतरी खारी मोडली, तेवढाच आवाज.

मग तोच म्हणाला,
"सेमीफायनलचा स्ट्रोक आठवतो काय तुम्हाला?
पोस्टच्या बाहेर मारला मी. एवढा बाहेर."
बोटांत त्यानं अंतर दाखवलं, चिमटीभर.
नव्हता आठवत. कुणालाच.
वहीतही नव्हता; त्या दिवशी चुरीबाईंना ताप होता.
"अजून मारतात," आतून सून म्हणाली,
"रात्री झोपेत. पाय हलतो, चादर खाली पडते."

निघताना त्यानं हात हातात घेतला एकेकाचा
आणि नावं विचारली,
जणू आम्हीच कुठंतरी खेळून आलो होतो.

गल्ली संपेपर्यंत कुणी बोललं नाही.
क्रॉसपाशी मेणबत्त्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या.
बसस्टॉपवर वैती थांबला.
"त्याला काय ठाऊक?" म्हणाला.
"त्याची मान खाली होती.
बघत आपण होतो."

चुरीबाईंनी वही काढली, पान उघडलं,
पेनचं टोपण काढलं, परत लावलं.

"पण डावीकडूनच," गफूर म्हणाला.
"डावीकडून? गोदीच्या बाजूनं?
अरे, तिकडं तर ऊन होतं डोळ्यांवर!"
"ऊन तुझ्या डोळ्यांवर होतं, त्याच्या नाही."

आणि चुरीबाईंनी, भर रस्त्यात,
पिशवी माझ्याकडे देऊन
खांदा इंचभर पाडला.

आमची बस गेली.