घरात कोणी नव्हतं

नवगावात, हासाजी तळकरांच्या अंगणात
पेट्रोमॅक्सला पंप मारून
बनाजीकाका योसेफाचं कीर्तन लावायचे.
शनिवार मावळलेला, तेलाचा घाणा अजून गार,
बैलाची झापडं खुंटीला.

पोटीफर कोण? फारोचा अंमलदार.
आपल्या अलिबागच्या मामलेदारासारखा समजा,
काका म्हणायचे, आणि पोरं हसायची.
मी नाही.
मी त्या मामलेदाराच्या बंगल्यावर
सात वर्षं मसाला वाटला.

साहेबांना घरातलं ताटापुरतंच ठाऊक:
सुरमई नीट तळली का, सोलकढीत मीठ आहे का.
बाकी किल्ल्या, दुधाचा हिशेब, कंदिलाच्या काचा
सगळं लहानूच्या हातात.
कातकऱ्याचा पोर. माडावर चढायला लागला
की बघणाऱ्याची नजर खाली यायची नाही.
खोटं कशाला बोलू, माझीही नाही.
बाईसाहेब ओटीवर सुपारी कातरत बसायच्या,
अडकित्ता मध्येच थांबायचा.

काका झांज दाबून सांगतात:
त्या दिवशी घरात कोणीच माणूस नव्हतं.
ती होती, तो होता,
आणि अंगरखा तिच्या हातात राहिला.

मी दरवेळी तिथेच अडते.
मिसरातलं एवढं मोठं घर,
मग जातं कोण ओढत होतं?
दिव्यांत तेल कोण घालत होतं?
मागल्या पडवीत लसूण सोलणारी एक तरी असेलच,
वरवंटा घट्ट धरून बसलेली,
आवाज होऊ नये म्हणून.

मी होते.
कडी लागली ती ऐकली.
बाईंचं बोलणं, हळू. मग लहानूचं,
"नको बाई, साहेबांचं मीठ खाल्लंय."
मग तो उघडाच माझ्या अंगावरून धावत गेला,
विहिरीपलीकडे, केळींत.
सदरा आत राहिला.
ओरडणं त्यानंतरचं.

संध्याकाळी साहेब आले. बूट काढले नाहीत.
सदरा मांडीवर घेऊन
त्याची बटणं लावत बसले,
गळ्यापासून खालपर्यंत, एकेक,
आत कोणी नसलेल्या सदऱ्याची.
तेव्हाच कळलं, यांना ठाऊक आहे.
मान वर न करता त्यांनी विचारलं,
"मिल्काबाई, घरात कोण होतं?"

मला दोन पोरी. पाट्यावर मसाला अर्धा.
म्हणाले, कोणी नव्हतं, साहेब.

लहानू हिराकोटात गेला.
पोटीफरानंही योसेफाला मारलं नाही,
कोठडीत टाकलं.
काका म्हणतात, देवाची करणी.
मला वाटतं, त्याला फक्त
रात्रीचं जेवण वेळेवर हवं होतं.

योसेफाला पुढे स्वप्नं भेटली,
फारोची अंगठी, रथ.
हिराकोटात कुणाला काय स्वप्नं पडायची
आम्हाला कधी कळलं नाही.
लहानूची आय एकदा आली,
पानावर करवंदं ठेवून गेली मागल्या दारात.
काही विचारलं नाही.

शुक्रवारी तिन्हीसांजेला
काचेच्या पेल्यात मी आधी पाणी घालते, मग तेल.
तेल वर येतं.
कितीही हळू ओतलं
तरी वर येतं.