काउंटर नंबर तीन

पॅकेज होतं एक लाख पंच्याऐंशी हजारांचं.
गुडघा, उजवा. चार दिवस, चहा-नाश्त्यासकट.
पाचव्या दिवशी भांडुपला न्यायला रिक्षा आली
आणि शेवंता मोकल तापानं फणफणली.

त्यापुढचं पॅकेजमध्ये बसत नाही.
त्यापुढचं मी टाइप करतो.

जखम उघडून धुणे. पुन्हा भूल.
आयसीयू, दिवस सहा.
इंजेक्शन, दोन हजार आठशे चाळीसचं एक,
दिवसातून तीनदा, चौदा दिवस.
बोटांनाच पाठ झालंय: बेचाळीस.
हातमोजे, जोड तीनशे बारा.

सून काचेपलीकडे. प्रणिता.
पहिल्यांदा स्वतःचं कार्ड, मग भावाचं,
मग भिशी,
आज साखरेच्या पिशवीत रोकड. टेम्पो गेला.

पैशांआधी तिनं वही काढली,
पोराची, दुरेघी.
'ड्रेसिंग, ११.२०. हात धुतले नाहीत.'
'भिंतीवरची बाटली रिकामी. सांगितलं.'
'बाटली रिकामी.'
'बाटली रिकामी.'

आवाज चढवला नाही. म्हणाली,
हातमोजे तीनशे बारा, कबूल.
मोजत बसत नाही.
पण ज्या हातानं हे आत आलं
त्याची ओळ दाखवा. तेवढी एकच.

मी अकरा पानं वरखाली केली.
'संकीर्ण' सापडलं, सहाशे चाळीस,
ते चादरींचं.
जंतूचं नाव लॅबच्या कागदावर होतं,
नाव शोधल्याचे बाराशे लावलेत.
जंतू फुकट.
राहिला एकवीस दिवस,
भाडं हिनं भरलं.

वर बोला, म्हणालो.
वर म्हणजे नेमकं कुठे, मला ठाऊक नाही.
बारा वर्षं झाली इथे.

लिफ्टपाशी म्हातारी व्हीलचेअरवर,
पायात एकच चप्पल,
दुसरी मांडीवर धरलेली.

नोटा मोजायला घेतल्या.
प्लास्टिकच्या वाटीत पिवळा स्पंज,
पाणी सोमवारचं. आज शुक्रवार.
अंगठा बुडवला, मोजल्या,
बुडवला, मोजल्या.
ती माझ्या अंगठ्याकडे बघत राहिली.

शिक्का मारला: पूर्ण भरणा.
तिनं विचारलं, किती वाजले?
चार दहा, मी म्हणालो.

तिनं वहीत लिहून घेतलं.