कडी

पेटीची चावी माझ्याकडे असते.
टाइम ऑफिसच्या दुसऱ्या खणात, रजेच्या अर्जांखाली.
दर शनिवारी चारला उघडायची,
निघेल ते वहीत उतरवायचं,
पुढच्या रकान्यात 'कार्यवाही'.

पहिले काही महिने : पोह्यांत शेंगदाणे घाला.
क्रिकेटची टीम करा.
एकदा नुसताच चॉकलेटचा कागद.
साहेब खूश. म्हणाले, बघा, लोक बोलायला लागले.

मग ती चिठ्ठी.
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर, पेन्सिलीने, चारच ओळी :
सुपरवायझर आईवरून बोलतो.
चहाला आठ मिनिटं, त्यातली तीन जिन्यात जातात.
पाळीत सुट्टी मागितली तर सगळ्यांदेखत कारण विचारतो.
बायास्ना संडासले कडी नही शे.

नाव नव्हतं. पण 'शे' होतं.
वाइंडिंगला सटाण्याकडची एकच बाई,
रत्ना बागूल.

मी साहेबांपुढे उभी राहून वाचली.
शेवटच्या ओळीला म्हटलं, 'बायकांच्या संडासाला कडी नाही.'
आयुष्यात पहिल्यांदा
कुणाला वाचवायला भाषा शुद्ध केली.
त्यांनी हात पुढे केला.
काचेखाली बालाजी, मुलीचा पदवीचा फोटो,
काचेवर ही चिठ्ठी.
बराच वेळ बघत राहिले.
मला वाटलं, आता कडीचं विचारतील.

'अक्षर कुणाचं?'

सोमवारी सगळे शेडमध्ये.
पुण्याहून एक जण आलेला, कानाला माईक,
त्याने आम्हाला फुगे फुगवायला लावले,
आत राग भरा म्हणाला, आता फोडा.
साहेब म्हणाले, आपण एक कुटुंब आहोत,
घरातलं भांडण कुणी पेटीत टाकतं का?
निमसे सुपरवायझरच्या टाळ्या सगळ्यात लांबल्या.
जाताना प्रत्येकाला पिवळा मग.
त्यावर हसरा चेहरा. चहा आठच मिनिटं.

पेटी जिन्याखालून काढून गेटजवळ लावली,
कॅमेऱ्यासमोर. सुरक्षित राहावी म्हणून.

रत्नाला कुणी काढलं नाही, तसं म्हणता यायचं नाही.
पॅकिंगला टाकलं, दुसऱ्या पाळीत,
पत्रात शब्द होता 'सोयीसाठी'. तो मीच टाइप केला.
साडेअकराला सुटते. डिसेंबरातलं अंबड,
पांडवलेण्याचा डोंगर काळोखात काळा,
पाथर्डी फाट्यापर्यंत रिक्षा मिळाली तर मिळाली.

कडी मी घेतली.
उत्तमनगरच्या हार्डवेअरवाल्याकडून, साठ रुपये, स्क्रूसकट.
मेंटेनन्सच्या गायधनीने जेवणाच्या सुट्टीत बसवली.
बिल कुठे लावू, विचारलं नाही.

ऑडिटला वही उघडली
तेव्हा त्या चौथ्या ओळीपुढे साहेबांनी स्वतः लिहिलं :
कार्यवाही तत्काळ. खाली सही, हिरव्या शाईत.
वरच्या तीन ओळींपुढे काहीच नाही.
ऑडिटवाल्याने पान उलटलं.

तेव्हापासून पेटी रिकामी.
वर्षभर तक्रारी शून्य, त्याचा तक्ता
फ्रेम करून रिसेप्शनला लावलाय.
मी अजून शनिवारी चारला चावी फिरवते,
आत हात घालून कोपरे चाचपते,
बोटांना धूळ लागते.

दुसऱ्या पाळीच्या बायका आल्या
की भिंतीपलीकडून कडी सरकल्याचा आवाज येतो.
त्यातली एक जण
लावते, काढते,
पुन्हा लावून बघते.